ओळ दोनशे चौदा

पुंता आरेनासमध्ये वाऱ्याला कुणी नाव विचारत नाही.
तो सुटला की चौकात बांधलेला दोर धरून
माणसं रस्ता ओलांडतात,
टोपी गेली तर मागे वळून पाहत नाहीत.

तिथे आम्ही शाळा बांधत होतो.
नऊ वर्ग, एक जेवणघर,
सामुद्रधुनीकडे तोंड केलेली व्यायामशाळा.
तीनशे सहा कामं माझ्या पडद्यावर
निळ्या पट्ट्या होऊन एकमेकांचा हात धरून उभी.
सुरुवात, शेवट, किती दिवस, कशावर अवलंबून,
सगळे रकाने मी भरले होते.
'जबाबदार' या रकान्यात
दोनशे चौदाव्या ओळीपुढे लिहिलं होतं: टीम.

काम साधं.
छपराचे सुटे पत्रे रोज संध्याकाळी बांधून ठेवणे.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी रात्री
अकरा पत्रे उडाले.
दोन कुंपणावर सापडले, एक बेकरीच्या दारात,
सात किनाऱ्यावरच्या दगडांत,
पत्ता न घालता टाकलेल्या पत्रांसारखे.
अकरावा अजून प्रवासात आहे.

सकाळी कंटेनरमध्ये कॉफी निवत गेली.
सुतारांचा मुकादम ओयार्सून म्हणाला,
मला वाटलं, पत्रेवाले बांधतील.
पत्रेवाली ग्लाडिस मान्सीया म्हणाली,
आम्ही ठोकतो. सुटा माल साइटचा.
सुरक्षेच्या पोराने फोनवरची यादी दाखवली,
तिच्यात बरोबरची खूण होती,
पण 'बांधले' समोर नाही, 'पाहिले' समोर.
आणि मी? मी पडदा त्यांच्याकडे वळवला:
हे बघा, टीम.
कुणीच खोटं बोलत नव्हतं. तेच वाईट होतं.

राहून गेलं, असं शेवटी ठरलं.
काय क्रियापद आहे!
राहतंही आणि जातंही,
आणि कुणाचं पाऊल म्हणून उमटत नाही.

तेवढ्यात ग्लाडिसच म्हणाली,
मग गेले सात आठवडे का नाही उडाले?
वारा तर रोजच होता.

एलेउतेरियो बार्रिया. रात्रीचा राखणदार.
चिलोए बेटावरचा, बापाच्या होडीवर गाठी शिकलेला.
रोज साडेआठला टॉर्च दातांत धरून
तो वर चढायचा. कुणी सांगितलं नव्हतं.
आमचा पडदा त्याने कधी पाहिलाही नव्हता.
मंगळवारी नातीच्या नामकरणाला
तो पलीकडे पोर्वेनीरला गेला,
आणि वाऱ्याने दोन दिवस फेरीबोट सुटू दिली नाही.

शुक्रवारी आला. आधी छपराकडे पाहिलं, मग आमच्याकडे.
म्हणाला, सांगून जायला हवं होतं मी.
कुणाला, ते मात्र त्यालाही सुचेना.
मलाही.

त्या आठवड्यात मी एक्केचाळीस ठिकाणची 'टीम' पुसली.
पुसायला एक बोट पुरतं.
पण रिकाम्या झालेल्या प्रत्येक चौकटीसाठी
कोट चढवून बाहेर जावं लागलं,
माणसाच्या डोळ्यांत बघून विचारावं लागलं:
हे तुम्ही कराल?
काही जण नाही म्हणाले. तेही लिहून घेतलं,
आणि पुढच्या माणसाकडे गेले.
ओयार्सूनने तर, नाव टाकायच्या आधी
ओळ मोठ्याने वाचून दाखवायला लावली. दोनदा.

दोनशे चौदावर एलेउतेरियोचं नाव घालताना
यंत्राने ईमेल मागितला. त्याच्याकडे नाही.
मी माझा दिला.
(पगारात त्याचा तो तास धरून घ्यायला
तीन सह्या आणि एक भांडण लागलं.)

आता रोज आठ वाजून वीस मिनिटांनी
माझ्या खिशात फोन थरथरतो:
एलेउतेरियो बार्रिया, हे काम तुमचं आहे.
निरोप पोचवायला मी बाहेर येते.
तो आधीच शिडीवर असतो.
वारा शब्द टिकू देत नाही,
म्हणून मी नुसता हात वर करते,
आणि तो वरून
दोराचं दुसरं टोक माझ्याकडे सोडतो.