मुक्काम सहा तास

काताकोलोत पोलिक्सेनीच्या फ्रिजवर
बोटींचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे.
मंगळवार दोन. बुधवार एक. गुरुवार कोरा.
कोरा दिवस गुडघ्यांना तेल लावायचा.

सकाळी सातला धक्क्यापुढचं आभाळ बुजतं.
चौदा मजले, पांढरे.
आधी त्यांची सावली गावात उतरते,
मग माणसं,
आणि सगळी जेवून आलेली.
भरल्या पोटाचं गिऱ्हाईक वाईट.
नाश्ता बोटीवर, जेवण बोटीवर,
पाणीसुद्धा तिथूनच बाटलीत भरून आणलेलं.
खाली उतरून विचारतात,
संडास कुठाय?
ती खिळ्यावरची चावी काढून देते. पन्नास सेंट.
तीच भवानी.

नवरा पानागिस टॅक्सीच्या रांगेत अकरावा.
ऑलिंपियाच्या बसेस बोटीनेच विकलेल्या,
त्या भरून गेल्यावर जे उरतं
ते पहिल्या चौघांत संपतं.
परवा अथेन्सहून एक साहेब आले होते,
पडद्यावर आकडा दाखवला :
माणशी सरासरी खर्च, इतके युरो.
सभागृहात प्रत्येकाने नकळत खिसा चाचपला,
सरासरी आपल्याकडे तर नाही ना बसली, बघायला.

सासरा गेरासिमोस बोलत नाही फारसा.
एकदाच म्हणाला,
हा धक्का माणसांसाठी बांधलाच नव्हता.
बेदाण्यांसाठी बांधला, काळ्या बेदाण्यांसाठी.
त्याच्या आजोबाच्या वेळी बोटी रांगेत थांबायच्या,
मग एका वर्षी फ्रान्सने घेणं बंद केलं
आणि पोत्यांवर गांधीलमाश्यांचं राज्य आलं.
ज्या गोदामात पोती कुजली
तिथे आता सोन्याच्या साखळ्यांचं दुकान आहे, एसी लावलेलं.
बेदाणा म्हणजे नावातच बी नाही, सूनबाई.
पेरायला मागे काही उरत नाही.

बोटीवरून एकच जण भुकेला उतरतो.
रोदेलियो, लाँड्रीतला,
बोटांची टोकं पांढुरकी, सुरकुतलेली.
कोपऱ्यातल्या प्लगला फोन लावतो,
बायकोशी बोलतो, मधेच गप्प बसतो,
आणि बीन्सचं सूप दोनदा मागून घेतो.
दुसऱ्या वाटीचे पैसे ती धरत नाही.
पानागिस म्हणतो, हा कसला धंदा?
ती म्हणते, हाच.

आज दक्षिणेचा वारा.
बोट आली, बाहेरच घुटमळली,
बघता बघता तिने कूस बदलली.
झाकिंथॉसच्या अंगाला गेली, कुणीतरी म्हणालं.
बत्तीस शटरं अर्धी वर, अर्धी खाली.
धक्क्यावर फक्त मांजरं,
आणि त्यांनाही कळेना कुणापुढे लोळावं.

सूप मात्र चुलीवर चढलेलं होतं.
तिने तिघांची पानं घेतली.
वारा फिरलाच तर, म्हणून चौथी वाटी
प्लगजवळ ठेवली.
चावी दिवसभर खिळ्यावर हलत राहिली,
वाऱ्यानेच.