मुंढ्याचं माप

हाडांची पिशवी सीनियरकडून घेतली,
चार हजार, वर दोन बरगड्या फुकट.
हंसाताई शिर्क्यांच्या जिन्यात ती खुळखुळली
आणि मशीन थांबलं.
"माळ्यावर ठेव. आणि आंघोळ कर."

दांडिया बाजारात त्यांचं दुकान म्हणजे पुढची खोली,
मागच्या खोलीत मी, फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष.
नवरात्र तीन आठवड्यांवर. दोरीवर
एकोणतीस चोळ्या, अजून बाह्यांशिवाय,
खांदे निखळल्यासारख्या.

रात्री मी घोकायची:
उखळीचा सांधा, बिजागरीचा, खुंटीचा...
पडद्यापलीकडून आवाज आला,
"उखळ कुठे म्हणालीस?"

माळ्यावरून पिशवी काढून दाखवलं.
उखळ कसलं, उथळ बशी नुसती,
तिला दंडाच्या हाडाचा गोळा टेकलेला.
खोल असती तर हात एवढा फिरला नसता.
निसटू नये म्हणून चार स्नायू
त्याला कवळून बसलेले.
रोटेटर कफ म्हणतात त्यांना.
"कफ मनगटाला असतो," त्या म्हणाल्या,
"खांद्याला कुठला शिंपी लावतो?"

मग जरा विचारात पडल्या.
"तसं बरोबरच आहे म्हणा. मुंढा घट्ट कापला
की तिसऱ्या रात्रीच्या गरब्याला काखेत उसवतं.
मी अर्धा इंच जास्तीचा सोडते.
तो हलण्याचा."

आंघोळ-बिंघोळ विसरून
त्यांनी दंडाचं हाड हातात घेतलं.
टेप गळ्यात होतीच.
"अकरा इंच. एक सूत कमी."
वहीत लिहायला वाकल्या आणि थांबल्या;
नावाच्या रकान्यात काय घालायचं?

बोटांनी चाचपत खाली उतरल्या.
मध्यावर खरखरीत जागा. "इथे काहीतरी टाचलेलं होतं."
डेल्टॉइड, मी म्हटलं.
कोपराशी आरपार भोक, मसुराएवढं.
"हे काज. बटण कुठाय?"

मी पिशवी उपसून दुसरं हाड काढलं,
त्याची चोच त्या खळग्यात बसवली.
हात सरळ झाला.
"सगळ्यांना असतं हे भोक?"
थोड्यांनाच. बायकांत जास्त. डाव्या हाताला जास्त.
"मग बाईच. आणि डावा."
डावाच होता.
मला अजून पुस्तक उघडल्याशिवाय
सांगता येत नव्हतं.

खुंटीवर कात्री टांगायला
त्या स्टुलावर चढत, हे मी रोज बघायची.
बुटक्या म्हणून, असं वाटायचं.
त्या रात्री म्हटलं, ताई, हात वर करा.
चाळीस वर्षं हे वाक्य त्यांनीच लोकांना सांगितलेलं.
हात छातीपर्यंत आला
आणि तिथेच राहिला.
"गेल्या दिवाळीपासून.
गिऱ्हाइकाला कळत नाही.
मी त्यांनाच वाकायला सांगते."

भिंतीवर बोटांनी चढायचं, पालीसारखं,
दुखेल तिथे थांबून खडूची रेघ.
निळ्या रेघा: पहिल्या चार एकाच जागी,
पाचवी खाली घसरलेली, तो चोळ्यांचा आठवडा,
मग बोटभर वर,
मग खिडकीच्या चौकटीपर्यंत.
"भिंतीचं माप घेतेय," असं त्या
शेजारच्या कोकिळाबेनना सांगत.
एकदा मी कॉलेजातून आले
तर स्टूल मशीनखाली सरकवलेलं होतं
आणि कात्री खुंटीवर.
त्याबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही.

पुढच्या वर्षी बोन-सेट ज्युनियरला दिला.
चार हजारच.
पिशवी मात्र नवी, उरलेल्या अस्तरांची,
हाडागणिक कप्पा, नाडी लाल.
दंडाच्या कप्प्यावर दोऱ्यानं काढलेलं:
११, आणि शेजारी उणेची बारीक रेघ.

ज्युनियर दुसऱ्या दिवशी म्हणाली,
तेवढा एक कप्पा सैल झालाय, ताई,
हाड आत हलतं.
म्हटलं, हलू दे.