प्रश्न चौथा, आ

तळपणचं हायस्कूल. नववी ब.
एकोणतीस पेपर, आणि लाल पेन संपत आलेलं.
'केंद्र व राज्य यांच्यातील अधिकारांची विभागणी
उदाहरणांसह स्पष्ट करा. गुण पाच.'

अठ्ठावीस जणांनी माझाच फळा उतरवलाय:
संरक्षण, परराष्ट्र, चलन तिकडे,
पोलीस, शेती, दवाखाने इकडे,
शिक्षण दोघांचं.
म्हणजे मीही दोघांचा.
पगार पणजीहून, धोरण दिल्लीहून,
खडू बहुतेक वेळा माझ्या खिशातून.

एकोणतिसावा गौरांग पागीचा.
पेपराला खाऱ्या पाण्याचा वास वगैरे येत नाही.
अक्षर मात्र वाऱ्यात लिहिल्यासारखं.

'किनाऱ्यापासून बारा सागरी मैल मासेमारी राज्याकडे.
त्यापुढची केंद्राकडे.
मधली रेघ पप्पांच्या जीपीएसवर दिसत नाही.
बांगडा आत असला तर राज्यसूची,
बाहेर गेला तर संघसूची,
परत आला तर काय ते पुस्तकात नाही.
तिथे दिवे लावून मासे धरायला दिल्लीची बंदी आहे.
ते दिवे आमच्या पडवीतून दिसतात.
त्यांना पकडायची बोट राज्याची.
ती दुरुस्तीला आहे.'

यापुढे काही ओळी खोडल्यात.
कागद ट्यूबलाइटसमोर धरला.

डिसेंबरात काकाचं इंजिन तेराव्या मैलावर बंद पडलं.
पहिल्या फोनवर म्हणाले, ही हद्द आमची नव्हे.
दुसऱ्यावर म्हणाले, होडीची नोंदणी राज्याची,
आधी तिथे कळवा.
काका दोन फोनांच्या मध्ये
पहाटेपर्यंत हलत राहिला.
मग बेतूलचा कामिल आला, आपलं जाळं अर्धं सोडून.
त्याने एवढंच विचारलं:
'दोर आसा मरे?'

आदर्श उत्तरात 'परस्पर सहकार्य' हा शब्द हवा,
त्याला एक गुण.
तो इथे कुठेच नाही.
खोडलेलं तपासायचं नाही असा नियम आहे.
नियम मंडळाचा, शाळेचा की माझाच,
उद्या ऑफिसात विचारायला हवं.

साडेचार दिले.
पेन झटकून बेरीज केली, सही केली,
गठ्ठा बांधला.
मग परत सोडला.
अर्धा गुण मी नेमका कुठे कापला,
ती जागा
मला सापडेना.