कलम चौदा

विजयनगरला कोर्टासमोर, करंजाखाली माझं टेबल.
छत्रीची एक काडी मोडलेली, प्रिंटरवर जुनी ओढणी.
एकोणीस वर्षं मी एकच वाक्य टाइप करते आहे:
सदर जागा अकरा महिन्यांकरिता.
अकराच का, कुणी विचारत नाही.
बारावा महिना बहुतेक टेम्पोत जातो,
गादीच्या वळकटीखाली,
उलट्या बांधलेल्या सायकलीसोबत.

सहा वर्षांपूर्वी आवटी आले होते.
कुपवाड रोडला कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या,
चार मजले, सरकारी कर्ज, निम्मं व्याज.
हमीपत्र मीच केलं. सात पानं.
चौदाव्या कलमाशी बोट जरा अडखळलं:
कर्ज फिटेपर्यंत कोणाही भाडेकरूस
सबळ कारण व तीस दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय
बाहेर काढणार नाही.
"ते आपलं छापील असतंय हो," आवटी म्हणाले. "मारा पुढं."
मी पुढं मारलं.

काल ही आली. शमीम पटवेगार.
मिरजेच्या दवाखान्यात चादरी धुते,
बोटांच्या पेरांत सोड्याच्या पांढऱ्या भेगा.
"खोली सोडतो असा अर्ज लिवा, ताई.
शनवारपातूर रिकामी करा म्हनलेत. रंग द्यायचाय म्हणं.
डिपॉझिटचं बी घाला त्यात. जरा नरमाईनं."
पत्ता विचारला.
कुपवाड रोड, बी विंग, एकतीस नंबर.

मी "विनंतीपूर्वक" इथवर आले होते.
कर्सर लुकलुकत राहिला.

या झाडाखाली आम्ही सगळ्यांचे कागद वाचतो
आणि चहा येईपर्यंत विसरतो. धंदाच तसा.
आवटी वर्षाला चाळीस करार देतात मला,
दिवाळीला चिवडा.

उगाच विचारलं, "पुरात कुठं होता?"
"सांगलीवाडीत. पर पाणी सांगून आलं, ताई.
पायरी पायरीनं चढलं. दोन दिस भोंगा वाजत हुता.
ह्यांनी नुसता पोरगा पाठवला, गाडीवरनं.
त्यानं तर इंजिनबी बंद केलं न्हाई."

मी बॅकस्पेस दाबून धरला.
नरमाई गेली, विनंती गेली, शनिवार गेला.
कोऱ्या पानावर तीनच ओळी टाइप केल्या:
हमीपत्रातील कलम चौदाप्रमाणे
लेखी नोटीस व कारण द्यावे.
तोवर मी खोलीत राहत आहे.
एक प्रत मालकाला, एक कलेक्टर कचेरीत,
आणि तिसरीवर पोच घ्यायची, शिक्क्यासकट.
शिक्का मारेपर्यंत खिडकी सोडायची नाही.

तिनं कागद उलटसुलट पाहिला.
"हे चौदा नंबरचं तुमाला कसं ठावं?"
"हाताला ठाऊक आहे," मी म्हटलं.

तीस रुपये झाले. घेतले.
फुकट केलं असतं
तर तिला ती मेहेरबानी वाटली असती.

सोमवारी आवटी येतील किंवा येणार नाहीत.
चिवडा गेला, एवढं नक्की.

संध्याकाळी ओढणी झटकून प्रिंटर झाकला.
खालच्या खणात माझा स्वतःचा करार,
गव्हर्मेंट कॉलनीतली मागची खोली,
पुढच्या महिन्यात अकरा पुरे होतात.
माझ्या मालकानं कुणाचं कर्ज घेतलेलं नाही.
काढून वाचायची गरज नव्हती, टाइप मीच केलाय.
त्यात बाराव्या कलमानंतर
लगेच माझी सही आहे.