अठ्ठेचाळीस तास

तीन वर्षं चार महिने आमचा नंबर
गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखा
एकेक पायरी चढत होता.

त्याआधी गृहभेटीला बाई आल्या.
पासबुक पाहिलं, गॅलरीचा कठडा हलवून पाहिला,
आणि चहा घेता घेता विचारलं,
"मूल उद्या म्हणालं, तुम्ही माझे कोण लागता, तर?"
हेरंब गजकचा तुकडा तोंडात तसाच धरून बसला.
मी म्हटलं, चहा गार होतोय.
अहवालात त्यांनी लिहिलं : योग्य.

काल रात्री दौलतगंजात वीज नव्हती.
सगळं ग्वाल्हेर रजईत.
फोन उजळला.
एक फोटो. अंगात कुणाचंतरी झबलं, दोन मापं मोठं.
वजन चार किलो शंभर. हिमोग्लोबिन कमी.
जन्मतारीख अंदाजे.
त्या अंदाजामागे एक बाई आहे,
तिला कागदावर रकाना नाही.
खाली घड्याळ, उलटं चालणारं.

डॉक्टर मुळ्यांना रिपोर्ट दाखवायचा,
मग दोघांनी शांतपणे विचार करायचा,
असं ठरलेलं.

सत्तेचाळीस तास बावीस मिनिटं उरली असताना
हेरंब अंधारातच उठला,
गॅलरीत जाऊन
कठडा हलवून पाहू लागला.

"घट्ट आहे रे," मी आतून म्हटलं,
"तू आधी इकडे ये.
बोट माझं एकटीचं नको."