बत्तीस

शेवटचं खोडायचं ते मीच खोडावं, असं ठरलं.
नियम नाही तसा कुठे.
पण अकरा वर्षं ज्याने सांभाळलं त्याच्या हातून व्हावं,
असं तार्तूहून मारित म्हणाला
आणि बहात्तर तास कुणी हरकत घेतली नाही.
आमच्यात हीच सही, हाच शिक्का.

एकोणीस देशांतली चाळीसेक माणसं आम्ही,
एकमेकांचे आवाज न ऐकलेली.
कुणाचं मूल आजारी आहे
हे उत्तर उशिरा आलं की कळतं.
एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चालवतो.
फुकट आहे ना, म्हणतात लोक.
वर्गणीची आहे, म्हणतो मी. वर्गणी रात्रींची.

गेल्या आवृत्तीला नाव हवं होतं.
मी सुचवलं: निवटी.
चिखलातला मासा, ओहोटीतही जगतो, असं खाली लिहिलं.
दोन मतांनी पडली निवटी.
कुठल्याशा थंड देशातल्या झाडाचं नाव आलं.
जोमा तांडेलला सांगितलं तर म्हणाला,
"बरा झाला. निवटीचं कालवण करतात, नाव नाय ठेवत."

दिवाळ्याच्या सोसायटीत ते यंत्र,
जेट्टीकडे पाठ करून बसलेलं.
कुणाची होडी, बर्फाच्या किती लाद्या, डिझेल किती.
पंख्यावर मिठाचा थर.
शिफ्टच्या दोन्ही कळा गेलेल्या, त्यामुळे 'ळ' उमटत नाही,
बिलावर सगळे कोळी कोली झालेले.
कुणी तक्रार केली नाही. बर्फ वेळेवर मिळत होता.

त्या एकासाठी नव्हतं म्हणा.
मोजलं तेव्हा अशी एकशे सदतीस यंत्रं होती,
मार्चात अठरा,
ऑगस्टमध्ये चार,
आणि त्यातलं एक माझंच,
घणसोलीत कपाटाशेजारी नऊ-नऊ तास घरघरणारं,
ज्यावर मी बाकीच्या तिघांसाठी बांधणी करायचो.
मतदान झालं तेव्हा मी 'काढा' म्हणालो.
हे जोमाला सांगितलं नाही.

"बत्तीस बिटवाली बंद होतायत, काका."
"बत्तीस?" तो हसला. "माजे एकोनीस उरलेत,
तरी बोंबील खातंय ना मी."

रविवारी वाशीहून जुनं, पण चौसष्टवालं यंत्र नेलं,
सोळा वर्षांच्या लाद्या एका पेनड्राइव्हवर चढवल्या.
तेवढ्यात चहा थंड झाला.

मग ती रात्र.
माहापेकडून येणारा गोडसर वास,
खिडकी लावावी तर उकडतं.
खोडत गेलो. फाइल मागून फाइल,
जणू भाड्याची खोली सोडताना खिळे उपटतोय.
आणि तळाशी, एका फंक्शनच्या वर, ही टीप:

इथे हात लावू नका. का चालतं माहीत नाही, पण चालतं. – हे. क.

चरईतल्या हेमांगी कर्णिक.
बँकेतून निवृत्त झाल्यावर सी शिकलेल्या,
माझी पहिली दुरुस्ती तीनदा परत पाठवणाऱ्या.
रिकाम्या जागा नीट ठेवा, म्हणायच्या,
पुढच्याला बसायला जागा लागते.
त्या गेल्या तेव्हाही त्यांच्या नावाच्या दोन दुरुस्त्या रांगेत होत्या,
आम्ही घेतल्या. तारीख त्यांचीच ठेवली.

हात लावला.
आधी बायको येऊन उभी राहिली, पाण्याचा तांब्या ठेवून गेली.
कुणासाठी, हे विचारणं तिने
चौथ्या वर्षीच सोडलंय.

चौदा हजार दोनशे बारा ओळी वजा.
अधिक एक: आभारांच्या यादीत एक नाव वर सरकवलं,
कुणी विचारलं असतं तर अकारविल्हे म्हणून सांगितलं असतं,
जे खोटं आहे.

पहाटे सगळीकडे हिरवं.
मारितने फक्त एक टिंब पाठवलं. त्याच्याकडे ते भरपूर असतं.
कपाटाशेजारच्या यंत्राची वायर काढली,
खोलीत घड्याळ आहे हे तेव्हा ऐकू आलं.

सव्वासातला फोन.
"हॅलो, कोळी कोळी येतंय आता बराबर.
पन बिल लांब झालंय. लाद्यांचा आकडा कागदाबाहेर जातंय."
कागद किती रुंद आहे, काका?
"थांब," तो म्हणाला, "मोजतंय,"
आणि फोन तसाच ठेवून
पट्टी शोधायला गेला.