जोड

दोरीला तीन गाठी मारून मी बाजारात गेले.
पहिली गाठ खिडकीपासून रेडिएटरपर्यंत.
दुसरी सोफ्याच्या पायाशी.
तिसरी, आक्तान धावायला लागतो तिथपासून
थांबतो तिथवर.
खरं तर तो थांबत नाही.
खालून झिनाइदा पाव्लोव्ना पोछ्याच्या दांड्याने
छताला ठोकतात, तेव्हा थांबतो.

बिश्केक. पाचवा मजला. हप्ते अजून अकरा वर्षांचे.
मेलिस म्हणाला होता, फिकट घे,
बदामी वगैरे, कशावरही जातो.
दुकानातला पोरगाही तेच म्हणाला.
तुर्कस्तानचे, मशीनवरचे सत्तर-ऐंशी गालिचे
तो वहीच्या पानांसारखे उलटत होता
आणि पानोपानी तेच बदामी.
डाग कळत नाही, ताई.
मी रात्रपाळीची नर्स.
डाग वेळेवर कळायला हवा,
हे त्याला कुठे सांगत बसू?

गल्लीच्या टोकाला, सुक्या जर्दाळूंच्या पोत्यांपलीकडे
बुरुलकान बसली होती. आत-बाशीची.
तिच्याकडे चारच नमदे. लोकरीचे, जाडजूड,
कसर लागू नये म्हणून
कसल्याशा कडू पाल्यात गुंडाळलेले.
तिने भाव सांगितलाच नाही. विचारलं,
ऊन कुठल्या अंगाने येतं?
घरात गुडघे कुणाचे दुखतात?
जमिनीवर कोण लोळतं?
खाली कोण राहतं?

हे शेवटचं तिने उगाच विचारलं असावं,
पण मीच बोलत सुटले:
पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली त्यांनी,
मुलगी ओम्स्कला, डोकं दुखतं,
जिन्यात भेटल्या की आधी माझ्या टाचांकडे बघतात.
बुरुलकान ऐकत होती
आणि ऐकता ऐकता तीन नमदे बाजूला सारत होती.

उरला तो लाल आणि तपकिरी.
मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, कडेला दुहेरी टीप.
दोन रंग एकावर एक ठेवायचे, ती म्हणाली,
आणि सुरी एकदाच चालवायची.
ह्याची शिंगं त्यात, त्याची ह्यात.
चिंधीसुद्धा वाया जात नाही.
म्हणजे ह्याची जोड आहे?
होती. कोचकोरचे एक म्हातारे घेऊन गेले.
इथे लाल आहे ना, तिथे तपकिरी.
मी शिंगावरून बोट फिरवलं.
कोण बसत असेल तिथे, ह्याच जागी?

दोरी लावली. तिसऱ्या गाठीच्या वीतभर अलीकडे
नमदा संपला.
पोराला म्हणावं, वीतभर आधी थांब, बुरुलकान म्हणाली,
आणि भावात एक सोमही सोडला नाही.

लांबी मोजली, रुंदी मोजली.
जाडी मोजायची राहिली.
दार अडलं. नमद्याच्या काठावर येऊन
म्हशीसारखं उभं राहिलं.
मेलिसने माझ्या माहेरचा उद्धार करत
दार उतरवलं, खालून बोटभर तासलं.
नमद्यावर पहिला कचरा पडला तो त्या भुशाचा.
रंग म्हणाल तर बदामी.
लांबूनसुद्धा दिसत होता.

मग आक्तान धावला.
सोमवारी धावला, मंगळवारी धावला,
बुधवारी सोफ्यावरून उड्या मारल्या.
गुरुवारी दुपारी मी पाळी संपवून झोपलेली,
दार वाजलं.
झिनाइदा पाव्लोव्ना. एक मजला चढून धाप लागलेली,
हातात काठीसारखा धरलेला तोच दांडा.
मी मनात उत्तरं जुळवू लागले.
त्या म्हणाल्या,
मुलगा बरा आहे ना?
तीन दिवस वरून काहीच ऐकू आलं नाही.

आत या म्हटलं.
त्यांनी उंबऱ्याशी बूट काढले, एकाला एक लावून ठेवले.
लोकरीवर एक पाय ठेवला. थांबल्या.
मग दुसरा.
खाली बघत राहिल्या बराच वेळ,
जणू आरपार त्यांचा पलंग दिसत होता,
दिवा, औषधांचा डबा,
रात्रभर बघायचं ते छत.
मग दांडा उचलून त्यांनी
दोनदा ठोकून पाहिलं, माझ्या बाजूने.

आवाज झाला नाही.
आक्तान मात्र थांबला.